जे शहर बांधायचेच नाही : संग्रहालयातल्या स्वप्ननगरी कशा पाहाव्यात

काँगोची राजधानी किन्शासा येथे राहणारे कलावंत बोदिस इसेक किंगेलेझ यांनी १९९६ मध्ये एक अख्खे शहर तयार केले. ते ५ मीटर ७० सेंटीमीटर लांब, २ मीटर ४० सेंटीमीटर रुंद आणि १ मीटर २० सेंटीमीटर उंच आहे. कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक आणि रोजच्या वापरातल्या वस्तूंची टाकाऊ वेष्टने कापून, चिकटवून त्यांनी या शहराचे मनोरे, चौक, पूल आणि रुंद रस्ते उभे केले. एका इमारतीसारखी दुसरी नाही. कुठे पंख्यासारखा पसरलेला दर्शनी भाग, कुठे पाकळ्यांसारखे मजले, कुठे मुकुटासारखे शिखर. शहराचे नाव ‘विल फान्तोम’. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ भूतनगरी असा होतो. पण हे भूत घाबरवणारे नाही. जे डोळ्यांना दिसते आणि तरीही कुठेच नसते, त्या अर्थाने हे शहर भूत आहे. त्याच्या रस्त्यांवर एकही माणूस दिसत नाही. किंगेलेझ म्हणत की इथे सगळे मोकळे आहेत, जगभरातल्या सगळ्या वंशांचे लोक इथे राहतात, आणि पोलिसांची इथे गरज नाही.

या शहरापुढे उभ्या राहिलेल्या बहुतेक प्रेक्षकांच्या मनात पहिली शंका येते ती साधी आणि रास्त असते : हे खरोखर बांधता येईल का? दुसरी शंका त्याहून थोडी कडवट असते : पोलिसांशिवाय शहर चालेल असे मानणारा माणूस भाबडा नव्हे काय? समकालीन कलावंतांनी कल्पिलेल्या आदर्श भविष्यांची प्रदर्शने अनेकांना दुर्बोध किंवा बालिश वाटतात ती याच दोन शंकांमुळे. या प्रदर्शनांत काय असते, ती संग्रहालयातच का भरतात आणि त्यांच्यापुढे उभे राहिल्यावर काय शोधावे, हे इथे समजून घ्यायचे आहे. एक किल्ली आधीच हाती देतो : कल्पित शहरात काय काय आहे यापेक्षा त्यातून काय काय वगळले आहे याची यादी करावी. ती यादी बहुतेक वेळा कलावंताच्या वर्तमानाचे चित्र असते.

किंगेलेझ यांच्याबाबतीत हे पडताळून पाहता येते. बेल्जियमच्या राजवटीत किन्शासाचे नाव लिओपोल्डव्हिल होते, आणि गोऱ्यांची वस्ती व आफ्रिकी लोकांची वस्ती यांच्यामध्ये मुद्दाम मोकळा पट्टा राखलेला होता. स्वातंत्र्यानंतर मोबुटू यांची हुकूमशाही आली. १९९१ आणि १९९३ मध्ये पगार थकलेल्या सैनिकांच्या बंडातून या शहरात मोठी लुटालूट झाली. १९९६ मधल्या त्या कागदी शहराकडे आता पुन्हा पाहावे. गणवेशातल्या माणसानेच दुकाने फोडलेली पाहिलेल्या शहरातला कलावंत पोलीस नसलेले शहर करतो, तेव्हा त्याला भाबडा म्हणणे अवघड होते. वंशावरून आखलेल्या शहरातला कलावंत सगळ्या वंशांना एकत्र राहायला बोलावतो, तेव्हा तो इतिहासातली एक रेघ पुसत असतो. पुठ्ठ्याचे हे रंगीत शहर म्हणजे एका अर्थी तक्रार अर्ज आहे. फक्त त्यात तक्रार लिहिलेली नाही, तक्रारीचे कारण काढून टाकलेले जग तेवढे दाखवले आहे.

अशा जगासाठी इंग्रजीतून आपल्याकडे आलेला ‘युटोपिया’ हा शब्द १५१६ मध्ये जन्मला. इंग्रज विचारवंत टॉमस मोर यांनी आपल्या लॅटिन ग्रंथातल्या काल्पनिक बेटाला हे नाव दिले. त्याची ग्रीक मुळे पाहिली तर ‘नसलेली जागा’ असा अर्थ होतो, आणि उच्चारात जरा फरक केला तर ‘चांगली जागा’ असा. ही कोटी मोर यांनी जाणूनबुजून केली होती. त्यांच्या बेटावर खासगी मालमत्ता नाही आणि सोन्याला कुणी किंमत देत नाही, पण गुलाम आहेत, ही गोष्ट मात्र पुष्कळदा विसरली जाते. मोर यांच्याही आधीच्या पिढीतले मानले जाणारे संत रविदास यांच्या पदातले ‘बेगमपुरा’ हे नगर तर संपूर्णपणे वगळण्यातूनच उभे राहते. बे-गम म्हणजे जिथे दुःख नाही; तिथे कर नाही, भय नाही, दुय्यम-तिय्यम दर्जाचे कुणी नाही. नगराचे नावच नकारार्थी आहे. ज्याला जे सोसावे लागले ते त्याने आपल्या नगरातून वजा केले, ही रीत इतकी जुनी आहे.

आता ‘बांधता येईल का’ या पहिल्या शंकेकडे वळू. नगररचनाकाराचा आराखडा आणि कलावंताचे कल्पित शहर हे दिसायला सारखे असले तरी त्यांचे काम वेगळे असते. आराखड्याची परीक्षा अंमलबजावणीत होते. कल्पित शहराची परीक्षा पाहणाऱ्याच्या डोक्यात होते : ते पाहून झाल्यावर त्याला स्वतःचे शहर थोडे अनोळखी वाटले की नाही. हा फरक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतका स्पष्ट नव्हता. रशियन क्रांतीनंतर कलावंत व्लादिमिर तात्लिन यांनी तिसऱ्या इंटरनॅशनलच्या, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेच्या, स्मारकासाठी ४०० मीटर उंचीचा लोखंडी मळसूत्री मनोरा कल्पिला. त्याच्या पोटात काचेच्या प्रचंड खोल्या टांगलेल्या असणार होत्या आणि त्या स्वतःभोवती फिरणार होत्या. एक वर्षातून एकदा, दुसरी महिन्यातून एकदा, तिसरी दिवसातून एकदा. नोव्हेंबर १९२० मध्ये पेट्रोग्राडला (आजच्या सेंट पीटर्सबर्गला) त्याचे लाकडी मॉडेल दाखवले गेले. मनोरा कधीच उभा राहिला नाही, आणि ते मूळ मॉडेलही हरवले. आज निरनिराळ्या संग्रहालयांत आहेत त्या छायाचित्रांवरून केलेल्या पुनर्रचना. न बांधलेल्या इमारतीच्या हरवलेल्या मॉडेलची नक्कल एवढ्या आदराने जपली जाते, यात थोडा विनोद आहे. पण शतकभर वास्तुकारांना आणि कलावंतांना या मनोऱ्याने जेवढे छळले तेवढे प्रत्यक्ष उभ्या असलेल्या किती मनोऱ्यांनी छळले असेल, हाही प्रश्न आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपात डच कलावंत कॉन्स्टंट नीवेनहाउस यांनी या बाबतीत सर्वांत चिकाटी दाखवली. १९५६ मध्ये इटलीतल्या आल्बा या गावी त्यांनी रोमा या भटक्या समाजाचा तळ पाहिला आणि त्यांच्यासाठी कायमच्या तळाचा आराखडा करता करता त्यांच्या मनात एक जगव्यापी शहर आकाराला आले. ‘न्यू बॅबिलन’ हे त्याचे नाव. पुढची जवळजवळ १८ वर्षे, म्हणजे १९७४ पर्यंत, ते त्याची मॉडेल्स, नकाशे, चित्रे आणि छायाचित्रे करत राहिले. कल्पना अशी : सगळे उत्पादन स्वयंचलित यंत्रे करतील आणि कारखाने जमिनीखाली जातील, जमीन सगळ्यांची सामाईक असेल, खांबांवर उचललेल्या, एकमेकींना जोडलेल्या विशाल इमारतींत माणसे कायमच्या घराशिवाय भटकत राहतील आणि भिंती, प्रकाश, तापमान, आवाज हवे तसे बदलत आपला दिवस खेळात घालवतील. पोट भरण्यासाठी काम करावे लागले नाही तर माणूस काय करील, हा प्रश्न त्यांनी तारा, प्लेक्सिग्लास (काचेसारखे पारदर्शक प्लॅस्टिक) आणि धातूच्या साहाय्याने विचारला. आज यंत्रे माणसांची कामे घेतील की काय यावर जी चर्चा चालते, तिच्यासाठी हे प्रकरण आवर्जून पाहावे असे आहे.

याची खरी गंमत शेवटाकडे आहे. सुरुवातीच्या मॉडेलांत माणसेच नव्हती. चकचकीत, पारदर्शक, मोकळी रचना तेवढी होती. पुढे कॉन्स्टंट यांनी न्यू बॅबिलनमधले जीवन रंगवायला घेतले, तेव्हा त्या चित्रांत शिड्या आणि चक्रव्यूहासारख्या मार्गिका आल्या, धूसर आकृत्या आल्या, आणि काही ठिकाणी रक्तासारखे डाग आले. बंधने गेली म्हणजे हिंसा जाईलच असे नाही, हे त्यांच्या कुंचल्याने त्यांच्या आराखड्याला सुनावले. स्वतःच्या स्वप्नाची अशी उलटतपासणी घेणारा कलावंत विरळा. त्यांचे हे काम मोठ्या प्रमाणात नेदरलँड्समधल्या हेगच्या कला-संग्रहालयात आहे. तिथे आधी मॉडेल्स आणि मग चित्रे या क्रमाने चालत गेले तर एका माणसाचा आशावाद हळूहळू कसा प्रौढ होत गेला ते दिसते.

पण मग भविष्याची ही स्वप्ने संग्रहालयात कशाला ठेवायची? संग्रहालय म्हणजे जुन्या वस्तूंचे घर. त्याचे एक उत्तर व्यवहाराचे आहे : इथे वस्तूला उपयोगी पडण्याची सक्ती नसते, त्यामुळे जे बाजारात टिकणार नाही आणि नगरपालिकेत मंजूर होणार नाही तेही इथे नीट मांडता येते. दुसरे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. काय जपण्यासारखे आहे आणि काय विसरून जाण्यासारखे, हे ठरवण्याचा अधिकार संग्रहालयांनी दीर्घकाळ बजावला आहे. ज्यांचा भूतकाळ त्या दालनांतून गाळला गेला त्यांना भविष्य कल्पायचे झाले तर भांडणही त्याच दालनांत जाऊन करावे लागते.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात नोव्हेंबर २०२१ मध्ये उघडलेली एक खोली याचे चांगले उदाहरण आहे. पाश्चात्त्य कला-संग्रहालयांत ‘पीरियड रूम’ नावाचा एक प्रकार असतो. एखाद्या काळातले दालन भिंतींच्या लाकूडकामापासून शेकोटीवरच्या घड्याळापर्यंत जसेच्या तसे उभे केलेले असते आणि प्रेक्षक दोरीपलीकडून त्यात डोकावतो. ही दालने बहुतांशी श्रीमंत युरोपीय आणि अमेरिकी गोऱ्यांची असतात; शिवाय ‘जसेच्या तसे’ हे म्हणणेही फारसे खरे नसते, कारण पुष्कळदा ठिकठिकाणच्या वस्तू जुळवून ती रचलेली असतात. मेट्रोपॉलिटनने या जुन्या प्रकाराचाच साचा घेतला आणि सेनेका व्हिलेजमधले एक घर उभे केले.

सेनेका व्हिलेज ही मॅनहटन बेटावरची मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती होती. १८२५ मध्ये तिथे जमिनीची खरेदी सुरू झाली. तिथे घरे होती, चर्च होती, शाळा होती. न्यूयॉर्क राज्यात १८२१ च्या घटनेनुसार कृष्णवर्णीय पुरुषाला मतदान करायचे असेल तर त्याच्याकडे किमान २५० डॉलर किमतीची मालमत्ता असावी लागे, आणि गोऱ्या पुरुषांवर अशी अट उरली नव्हती. त्यामुळे तिथल्या जमिनीचा तुकडा म्हणजे निवाऱ्याबरोबर मताचा हक्कही होता. १८५७ मध्ये सेंट्रल पार्क करण्यासाठी शहराने सक्तीच्या भूसंपादनाने ही वस्ती उठवली. मेट्रोपॉलिटन संग्रहालय त्याच उद्यानाच्या कडेला, तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आहे. ही वस्ती उठलीच नसती तर त्या घरात आज कोण राहत असते, आणि उद्या कोण राहील, असा प्रश्न त्या खोलीने विचारला.

खोली दोन काळांत विभागलेली दिसते. एका बाजूला एकोणिसाव्या शतकातल्या घरासारखी चूल आणि लाकडी चौकट; दुसऱ्या बाजूला बैठकीची जागा आणि पाच बाजू असलेला एक दूरचित्रवाणी संच, ज्यावर जेन एनकिरू यांचे व्हिडिओकाम चालते. भिंतीवरचा कागद एनजिडेका अकुन्यिली क्रॉस्बी यांनी खास तयार केला. त्यात सेनेका व्हिलेजचा नकाशा आणि त्या काळातल्या कृष्णवर्णीय न्यूयॉर्ककरांच्या प्रतिमा मिसळलेल्या आहेत. जुनी भांडी आणि अगदी नवे मातीकाम शेजारी शेजारी ठेवलेले आहे. या दृष्टीला ‘आफ्रोफ्युचरिझम’ म्हणतात. हा शब्द १९९० च्या दशकात रूढ झाला, पण आफ्रिकी वंशाच्या लोकांनी अंतराळ, यंत्रे आणि भविष्य यांच्या भाषेत आपली मुक्ती रंगवण्याची परंपरा त्याहून जुनी आहे. पुसलेल्या भूतकाळाला भविष्य बहाल करणे, असे तिचे एका ओळीत वर्णन करता येईल. किंगेलेझ यांनी वर्तमानातला जाच वजा केला. इथे भूतकाळातली एक घटना, ते भूसंपादन, वजा केले आहे. गणित तेच आहे.

न्यूयॉर्कमध्येच काम करणाऱ्या चित्रा गणेश यांनी २०१८ मध्ये केलेली २७ लिनोकट मुद्राचित्रांची मालिका आणखी एक वळण दाखवते. लिनोकटमध्ये लिनोलियमचा, म्हणजे जमिनीवर अंथरतात त्या रबरासारख्या पदार्थाचा, मऊ तुकडा कोरून काढतात, उरलेल्या उंच भागावर शाई फिरवतात आणि त्यावर कागद दाबून ठसा घेतात. म्हणजे जे कोरून काढले ते पांढरे आणि जे ठेवले ते काळे. ही मालिका बंगाली लेखिका बेगम रुकैया यांनी १९०५ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या ‘सुलतानाज ड्रीम’ या कथेवर आधारलेली आहे. तिथल्या स्त्रीराज्यात पडद्यात पुरुष राहतात. विदुषी सूर्याची उष्णता साठवतात, ढगांतून पाणी खेचतात, हवेतून प्रवास करतात. कामाचा दिवस दोन तासांचा असतो. सौरऊर्जेच्या गोष्टी आज धोरणात आल्या आहेत. पडद्याची उलटापालट मात्र अजूनही वाचकाला हसवते आणि हसता हसता अडखळायला लावते. स्त्रियांनी बाहेर पडू नये कारण बाहेर पुरुषांमुळे धोका आहे, असे म्हणणाऱ्यांना ही कथा विचारते की मग धोकादायक माणसालाच घरात का ठेवू नये? शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे भविष्य आजच्या कलावंताने पुन्हा कोरले, यातून आणखी एक गोष्ट कळते. कुणाचेतरी जुने, अपुरे राहिलेले भविष्य नव्या कलावंतांना कच्चा माल म्हणून मिळते, आणि संग्रहालये व ग्रंथालये अशा मालाची कोठारे असतात.

सगळेच कलावंत मात्र स्वप्नाला गोंजारत नाहीत. लारिसा सन्सूर या पॅलेस्टिनी कलावतीच्या ‘नेशन इस्टेट’ या २०१२ च्या ९ मिनिटांच्या चित्रफितीत पॅलेस्टाइनला अखेर राज्य मिळालेले आहे. फक्त ते एका गगनचुंबी इमारतीत आहे. प्रत्येक मजल्यावर एक शहर. जेरुसलेमला जायचे तर लिफ्टचे बटण दाबायचे. तपासणी नाके नाहीत, रांगा नाहीत. सगळे स्वच्छ, चकचकीत, विमानतळासारखे सुरळीत. पाहणाऱ्याला हसू येते, आणि थोड्या वेळाने कळते की जमीन आडवी उरलेली नाही म्हणून देश उभा करावा लागला आहे. इथे वगळलेली गोष्ट म्हणजे जमीनच. युटोपिया आणि त्याचे भेसूर रूप, ज्याला डिस्टोपिया म्हणतात, यांच्यात एका मजल्याचेही अंतर नसते, हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारे दुसरे काम मला चटकन आठवत नाही.

सोव्हिएत संघात वाढलेले इल्या काबाकोव आणि त्यांच्या सहकलावंत पत्नी एमिलिया काबाकोव यांचे हसणे अधिक मऊ होते. ज्या देशाने सगळ्या मानवजातीसाठी एकच मोठे स्वप्न आखले आणि त्यापायी माणसांना चिरडले, तिथून आलेल्या या दांपत्याने १९९८ मध्ये लंडनला ‘पॅलेस ऑफ प्रोजेक्ट्स’ हे मांडणशिल्प उभारले. शंखासारखी गोल फिरत वर जाणारी, लाकडी सांगाड्यावर पांढरे कापड ताणलेली ती रचना तात्लिनच्या मनोऱ्याची आठवण करून देते. आत ६५ प्रकल्प आहेत आणि ते जणू ६५ सामान्य माणसांनी सुचवलेले आहेत. प्रत्येकाशेजारी मॉडेल, आणि बसून वाचायला टेबल-खुर्ची. एका प्रकल्पात स्वतःला सुधारण्याचा उपाय असा सांगितला आहे : पांढऱ्या जाळीदार कापडाचे पंख करावेत, ते पट्ट्यांनी पाठीला बांधावेत, खोलीत एकट्याने ५ ते १० मिनिटे बसावे, मग पंख काढून नेहमीच्या कामाला लागावे, आणि दोन तासांनी पुन्हा तेच करावे. दोन-तीन आठवड्यांत परिणाम जाणवू लागेल, असे आश्वासन आहे. एका राज्यसंस्थेचे एक महास्वप्न मोडीत काढून त्याच्या तुकड्यांतून ६५ खासगी, गमतीदार, कुणालाही इजा न करणारी स्वप्ने त्यांनी वाटली. आता हे काम जर्मनीतल्या एसेन येथे, कोळशाच्या धंद्यातून निवृत्त झालेल्या झोलफराइन या औद्योगिक परिसरात कायमचे ठेवले आहे. एक मोठे भविष्य जिथे बंद पडले त्या आवारात.

गेल्या काही दशकांत आणखी एक प्रवाह जोर धरू लागला आहे. या कलावंतांना भविष्याचे मॉडेल करण्यात रस नाही. भविष्याचा छोटासा तुकडा आजच चालवून दाखवण्यात आहे. अर्जेंटिनात जन्मलेले टोमास सारासेनो यांचे ‘एरोसीन’ हे त्यातले ठळक नाव. काळ्या, हलक्या कापडाचा प्रचंड फुगा उन्हात ठेवला की आतली हवा तापते, बाहेरच्या हवेपेक्षा हलकी होते आणि फुगा उचलला जातो. इंधन नाही, हेलियम नाही, बॅटरी नाही. जानेवारी २०२० मध्ये अर्जेंटिनाच्या सालिनास ग्रांदेस या मिठागरावरून लेतिसिया मार्केस या वैमानिक अशा फुग्याने उडाल्या आणि आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाने त्या उड्डाणाचे ३२ जागतिक विक्रम नोंदवले. जागेची निवड सहज झालेली नव्हती. मिठागराखाली लिथियम आहे, जे आपल्या बॅटऱ्यांना लागते, आणि ते काढताना प्रचंड पाणी खर्ची पडते. म्हणून तिथल्या आदिवासी समुदायांचा त्याला विरोध आहे. पाणी आणि जीवन लिथियमपेक्षा मोलाचे आहे, ही त्यांची घोषणा फुग्यावर लिहिलेली होती. हरित म्हणवणाऱ्या भविष्याचे बिल कुणाच्या नावावर फाटते, हा प्रश्न त्या उड्डाणाने आकाशात नेला. संग्रहालयात मात्र त्यातले उरते ते घडी केलेले कापड, चित्रफीत आणि नकाशे.

इथे या प्रदर्शनांची जन्मजात अडचण समोर येते. कलाकृती सांगते की या जगात मुक्तपणे फिरा, आणि शेजारची पाटी सांगते की हात लावू नका. ती पाटी उगाच नसते. कागद आणि रंग प्रकाशाने विटतात, म्हणून कागदावरच्या नाजूक कामांवर साधारण ५० लक्सहून (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) अधिक उजेड पडू न देण्याचा प्रघात आहे, आणि वाचायला बसताना आपण जेवढा उजेड घेतो त्याच्या मानाने हा फार मंद असतो. म्हणजे माणसाने कल्पिलेली सर्वांत उजळ शहरे आपल्याला अर्धवट अंधारात पाहावी लागतात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला-संग्रहालयाने २०१८ मध्ये किंगेलेझ यांचे मोठे प्रदर्शन भरवले तेव्हा विल फान्तोममध्ये आभासी वास्तवाच्या चष्म्यातून फिरण्याची सोय केली होती. सोय चांगली होती, पण माझे मत जरा वेगळे आहे : हे शहर वरून, बाहेरून, ओणवे होऊन पाहण्यातच त्याची हुरहुर आहे. आत शिरता येत नाही हेच तर ते सांगत असते.

अडचणीची दुसरी बाजू पैशाची आहे. अशी प्रदर्शने देणगीदार आणि प्रायोजक यांच्याशिवाय उभी राहत नाहीत, आणि पोलीस नसलेल्या शहराच्या भोवती पहारेकरी उभा असतो. टीकाकार म्हणतात की बंडाची धार काढून घेऊन ती काचेत ठेवण्याचे काम संग्रहालय करते. टीकेत तथ्य आहे. म्हणून प्रदर्शन पाहताना भिंतीवरचा मजकूर जसा वाचावा तसे शेवटचे, आभाराचे फलकही वाचावेत. भविष्याचा खर्च कोण करते आहे हे तिथे लिहिलेले असते. मात्र याच किंगेलेझ यांचा सुरुवातीचा एक प्रसंग दुसरी बाजूही दाखवतो. त्यांनी आपले पहिले मॉडेल किन्शासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेले, तेव्हा ते इतके सफाईदार होते की ते त्यांनीच केले यावर अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना; त्यांनी तिथेच दुसरे करून दाखवले आणि त्यांना जुन्या वस्तूंच्या डागडुजीची नोकरी मिळाली. दिवसा भूतकाळ दुरुस्त करणारा हा माणूस पुढे भविष्य करू लागला. १९९४ मध्ये त्यांनी आपल्या जन्मगावाचे, किंबेम्बेले इहुंगाचे, मॉडेल केले. त्या खेड्याला त्यांनी क्रीडांगण, रेल्वे स्थानक आणि गगनचुंबी इमारती दिल्या.

प्रदर्शनात प्रत्यक्ष उभे राहाल तेव्हा आणखी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. या कल्पित जगात झाडलोट, स्वयंपाक, आजाऱ्यांची शुश्रूषा कोण करते? कॉन्स्टंट यांनी ते यंत्रांवर सोपवले, मोर यांनी त्यातले ओंगळ काम गुलामांवर, आणि पुष्कळ कलावंत त्याचा उल्लेखच करत नाहीत. हे वगळणे तक्रारीतून आले की विसराळूपणातून, हे ताडून पाहण्यासारखे असते. दुसरे म्हणजे, या जगातून बाहेर पडण्याचा रस्ता आहे का? ज्याला हे सुख नको आहे त्याच्यासाठी दार ठेवले आहे की नाही, यावरून स्वप्न आणि तुरुंग यांतला फरक बऱ्यापैकी कळतो.

काळाचा प्रश्न उरतो. अमेरिकी कलावती ॲग्नेस डेनिस यांनी फिनलंडमधल्या एका जुन्या खडीच्या खाणीवर माणसांनी रचलेली टेकडी उभी केली, आणि १९९२ ते १९९६ या काळात ११,००० लोकांकडून तिच्यावर गणिती आकृतिबंधात ११,००० झाडे लावून घेतली. प्रत्येक झाड लावणाऱ्याला त्याचे प्रमाणपत्र मिळाले. ते ४०० वर्षे वैध आहे आणि वारसांकडे जाते. स्कॉटिश कलावती केटी पॅटरसन यांचा नॉर्वेतला प्रकल्प २०१४ मध्ये सुरू झाला. ऑस्लोजवळच्या जंगलात स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाची १,००० झाडे लावली आहेत. दर वर्षी एक लेखक एक हस्तलिखित देतो आणि ते कुणीही न वाचता शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या एका लाकडी खोलीत ठेवले जाते. २११४ मध्ये ती झाडे तोडून त्यांच्या कागदावर ही पुस्तके छापायची आहेत. त्या खोलीत बूट काढून जायचे असते. भिंती त्याच जंगलातल्या जुन्या झाडांच्या लाकडाच्या आहेत, आणि त्यांत बसवलेल्या काचेच्या खणांवर लेखकाचे नाव आणि वर्ष वाचता येते. पुढचे खण अजून रिकामे आहेत.